गळ्यातली ढाल

पुरुमेंत हा शब्द गोव्याबाहेरच्या मराठी माणसाला समजावून सांगावा लागतो. पावसाळ्याचे चार महिने पुरेल एवढी बेगमी एप्रिल-मे महिन्यांत घरात भरून ठेवायची, ते पुरुमेंत. मिरच्या, सोले, सुकी सुंगटे आणि मीठ. आमच्या घरी हे मीठ नेरूलच्या मिठागरातून यायचे. करड्या रंगाचे, जाड खड्यांचे, किंचित ओलसर. आई ते मातीच्या भांड्यात भरून चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवी. पुढे पाकिटातले पांढरेशुभ्र मीठ घरात आले, तरी हुमणात खडेमीठच पडले पाहिजे हा तिचा हट्ट सुटला नाही.

हे सांगायचे कारण असे, की काही वर्षांपूर्वी याच मिठावर मी एका आजाराचा आळ घेतला होता.

आई तेव्हा पासष्टीची. दीड-दोन वर्षे ती हळूहळू मंदावत चालली होती. भर मे महिन्यात आम्ही पंख्याखाली घाम पुसत बसलेले असायचो आणि ती शाल मागायची. आवाज घोगरा झाला होता, चेहरा सुजल्यासारखा. पूजा करता करता बसल्या जागी डुलकी लागायची. शेजारणीचे नाव आठवायला वेळ लागायचा. आम्ही काय केले? 'वय झाले' म्हणून सोडून दिले. एकदोनदा मी तिच्यावर ओरडलोही, ते आठवले की आजही मान खाली जाते. एका दवाखान्यात तिला रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्या ठिकाणी 'मन रमवा' असा सल्ला मिळाला. शेवटी एका तरुण डॉक्टरने तिची मान चाचपून पाहिली, गुडघ्यावर रबरी हातोडीने ठोकले आणि रक्ताची एक चाचणी लिहून दिली. नाव टीएसएच. जो आकडा साधारण साडेचार-पाचच्या आत असायला हवा, तो सत्तरच्या वर निघाला.

थायरॉईड! रोज सकाळी उपाशीपोटी एक चिमुकली गोळी सुरू झाली. तीन महिन्यांनी आई माझ्याशी पूर्वीसारखी वाद घालू लागली, तेव्हा घरातल्या सगळ्यांना हायसे वाटले.

मी कला शाखेचा पदवीधर, नोकरी सरकारी कारकुनाची. शरीरशास्त्राशी संबंध दहावीपुरता. पण ज्या गोष्टीला आपण माणसाचा स्वभाव म्हणतो, वय म्हणतो, आळस म्हणतो, ती गळ्यातल्या एका तोळ्या-दोन तोळ्यांच्या ग्रंथीवर अवलंबून असू शकते, ही गोष्ट काही केल्या मनातून जाईना. मग वाचत गेलो. त्या वाचनातून जे हाती आले, ते आज सांगतो आहे.

आपल्या शरीरात दोन तऱ्हेच्या ग्रंथी असतात. एक, ज्यांना नळी असते. लाळेच्या, घामाच्या, अश्रूंच्या. त्यांचा स्राव कुठे जातो ते दिसते. दुसऱ्या ग्रंथींना नळीच नसते. त्या आपला स्राव थेट रक्तात सोडतात आणि तो रक्ताबरोबर सगळ्या अंगभर फिरतो. या स्रावांतल्या द्रव्यांना आपल्या पाठ्यपुस्तकांत संप्रेरक म्हणतात, बोलण्यात हार्मोन. हार्मोन हा शब्द लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ सालच्या व्याख्यानांत प्रथम वापरला. ग्रीक भाषेतल्या 'चेतवणे' अशा अर्थाच्या धातूवरून तो घेतलेला. त्याआधी तीन वर्षे स्टार्लिंग आणि त्यांचे मेहुणे बेलिस यांनी एक प्रयोग केला होता. कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याचे मज्जातंतू त्यांनी तोडून टाकले आणि त्या तुकड्यात आम्ल सोडले. निरोप नेणारी तार तुटलेली असूनही स्वादुपिंडाने आपला रस सोडला. म्हणजे निरोप रक्तातून गेला होता.

पण हा शब्द जन्माला येण्याआधीच थायरॉईडची गोष्ट बरीचशी घडून गेली होती, आणि ती घडली एका मोठ्या चुकीतून.

थायरॉईड मानेच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या किंचित खाली, श्वासनलिकेला मिठी मारून बसलेली असते. आकार फुलपाखरासारखा. लंडनच्या थॉमस व्हार्टन यांनी १६५६ साली ग्रंथींवरच्या आपल्या पुस्तकात तिला ढालीवरून नाव दिले, कारण ग्रीकमध्ये थायरिऑस म्हणजे ढाल. मराठीत आपण तिला अवटू म्हणतो. इथे एक गंमत आहे. संस्कृतात अवटु म्हणजे मानेची मागची बाजू, घाटा. अमरकोशातही तोच अर्थ आहे. पुढच्या ग्रंथीला मागचे नाव कोणी आणि कसे दिले कोण जाणे! परिभाषा समित्यांचे कागद हाताळणाऱ्या आम्हा कारकुनांना अशा गोष्टींचे फारसे नवल वाटत नाही. असो.

ही ग्रंथी सुजून गळा पुढे आला, की तो गलगंड. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गलगंडाचे वर्णन आहे, तेव्हा आपल्या देशाला हा रोग जुना. पण त्याचे माहेरघर म्हणून जगात ओळखले गेले ते आल्प्स पर्वतातले प्रदेश. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ गावांत गलगंड इतका सर्रास होता, की फुगलेला गळा ही तिथे विशेष गोष्ट राहिली नव्हती. त्याच गावांत बुटकी, मंदबुद्धी, बहुधा मुकी-बहिरी मुलेही जन्मायची. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे हे लोकांना जाणवत होते. कसला, ते समजत नव्हते.

बर्न शहरात थेओडोर कोखर नावाचे शल्यविशारद होते. जन्म १८४१. तिशी ओलांडताच, १८७२ साली ते तिथे प्राध्यापक झाले. गलगंड कापून काढणे ही त्या काळी जिवावरची शस्त्रक्रिया होती. थायरॉईडला रक्तपुरवठा इतका की सुरी लागताच रक्ताच्या चिळकांड्या उडत. अनेक नामांकित शल्यविशारद म्हणत, हिच्या वाटेला जाऊच नये. कोखर गेले. पण ते अत्यंत सावकाश, एकेक रक्तवाहिनी बांधत, टापटिपीने काम करीत. जंतुनाशनाचे नवे तंत्र त्यांनी काटेकोर पाळले. रोगी वाचू लागले. पुढच्या आयुष्यात त्यांनी अशा पाच हजारांहून अधिक शस्त्रक्रिया केल्या आणि मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आणले.

सुरुवातीच्या काही वर्षांत बऱ्याच रोग्यांची ते संपूर्ण थायरॉईडच काढून टाकत. का नाही काढायची? ती कशाला आहे हे कोणालाच माहीत नव्हते. कोणी म्हणे मेंदूकडे जाणारे रक्त आवरण्यासाठी, कोणी म्हणे गळ्याला गोलाई येण्यासाठी. निरुपयोगी, त्यात रोगट. मग पूर्ण काढलेली बरी, म्हणजे पुन्हा वाढायला नको.

१८७४ च्या जानेवारीत त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची थायरॉईड काढली. जखम छान भरली. मुलगी घरी गेली. पुढे तिला पाठवणाऱ्या डॉक्टरने कळवले की मुलगी बदलली आहे, मंद झाली आहे. हे बोट दाखवणे तेव्हा बाजूला राहिले. मग १८८२ च्या सप्टेंबरमध्ये जिनिव्हाच्या जॅक रेव्हेर्दें या शल्यविशारदाने कोखर यांना भेटून सांगितले, की संपूर्ण ग्रंथी काढलेल्या आपल्या काही रोग्यांत असेच काहीतरी विचित्र घडले आहे.

तेव्हा कोखर यांनी जे केले ते मला फार मोठे वाटते. त्यांनी आपल्या जुन्या रोग्यांना पत्रे घालून परत तपासणीला बोलावले. ज्यांचे आपण भले केले असे आठ-नऊ वर्षे वाटत होते, त्यांना! ज्यांची अर्धी ग्रंथी शिल्लक होती ते ठणठणीत होते. ज्यांची पूर्ण काढली होती, त्यांच्यातल्या बहुतेकांची दशा पाहवत नव्हती. सुजलेले चेहरे, कोरडी कातडी, गळणारे केस, सतत थंडी, जड जीभ, संथ बोलणे, संथ विचार. ती अकरा वर्षांची मुलगी आता वीस वर्षांची होती, पण उंचीने लहान मुलीएवढीच राहिली होती. तिची धाकटी बहीण एके काळी हुबेहूब तिच्यासारखी दिसे. बहीण आता भरली वाढलेली तरुणी झाली होती. दोघींची चित्रे शेजारी शेजारी छापलेली आहेत. ती पाहिली आणि मला भर मे महिन्यात शाल मागणारी आई आठवली.

१८८३ च्या एप्रिलमध्ये बर्लिनला जर्मन शल्यविशारदांची परिषद होती. तिथे, सगळ्या व्यवसायबंधूंसमोर, कोखर यांनी ही हकीकत मांडली आणि यापुढे साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणार नाही असे सांगितले. सरकारी नोकरीत इतकी वर्षे काढल्यावर मला एवढे नक्की सांगता येईल, की आपलीच जुनी फाईल स्वतःहून उघडून त्यातली चूक भर सभेत वाचून दाखवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

या कथेला आणखी एक कडू पदर आहे. व्हिएन्नाचे बिलरोथ हेही तेव्हा थायरॉईडच्या शस्त्रक्रिया करीत. त्यांचा हात जलद, थोडा धसमुसळा. त्यांच्या रोग्यांना आकडी येई, पण अशी मंदत्वाची अवस्था क्वचितच येई. पुढे अमेरिकेच्या हॉलस्टेड यांनी याचा उलगडा केला. घाईत बिलरोथ यांच्याकडून थायरॉईडचे तुकडे मागे राहत, आणि तिच्या पाठीला चिकटलेल्या, शरीरातले कॅल्शियम राखणाऱ्या चार चिमुकल्या ग्रंथी मात्र कापल्या जात. कोखर यांचे काम इतके नेटके, की त्या चार शाबूत राहत आणि थायरॉईडचा कणही उरत नसे. त्यांच्या टापटिपीनेच घात केला होता.

कोखर यांनी या अवस्थेचे कारण मात्र चुकीचे लावले. श्वासनलिका आकसून प्राणवायू कमी पडतो, असे त्यांना वाटले. त्याच वर्षी लंडनमध्ये फेलिक्स सेमन यांनी सुचवले की हा आजार ग्रंथी नसल्यामुळेच होत असावा, आणि इंग्लंडात मध्यमवयीन बायकांत दिसणारा जो आजार १८७३ साली विल्यम गल यांनी वर्णिला होता, ज्याला पुढे मिक्सीडिमा असे नाव पडले, तो हाच. लोक हसले. मग एक समिती नेमली गेली. समितीने पाच वर्षे घेतली. १८८८ साली तिचा अहवाल आला, आणि सेमन बरोबर ठरले. समिती, पाच वर्षे, जाडजूड अहवाल... पण निदान निष्कर्ष तरी खरा निघाला!

आता प्रश्न उरला, जे नाही ते परत कसे द्यायचे? इथे आपल्या ओळखीचे एक शहर येते. लिस्बन. १८९० साली तिथल्या बेतेंकुर्त आणि सेर्रानु या दोन डॉक्टरांनी मिक्सीडिमाच्या एका स्त्रीच्या कातडीखाली मेंढीच्या थायरॉईडचा तुकडा बसवला. दुसऱ्याच दिवसापासून तिच्यात सुधारणा दिसू लागली. बसवलेला तुकडा रुजायला एवढा वेळ पुरा पडणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी अंदाज बांधला, की तुकड्यातला रस अंगात शोषला गेला असावा. त्या काळी पणजीला पोर्तुगीजांनी १८४२ साली स्थापलेली वैद्यकीय शाळा होती आणि आपल्या कित्येक गोमंतकीय घरांतली मुले लिस्बनला वैद्यक शिकायला जात. त्यांच्यापैकी कोणी तेव्हा त्या इस्पितळाच्या व्हरांड्यातून फिरत असेल का, असा विचार मनात येऊन गेला खरा.

लिस्बनचा हा अनुभव इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या पंचविशीतल्या डॉक्टरला माहीत होता. त्याने विचार केला, रसच हवा असेल तर कातडी कापायची कशाला? १८९१ साली त्याने मेंढीच्या ताज्या थायरॉईडचा ग्लिसरीनमध्ये अर्क काढून शेहेचाळीस वर्षांच्या एका स्त्रीला टोचला. स्थानिक वैद्यांच्या सभेत त्याने ही कल्पना मांडली होती तेव्हा एका बुजुर्गाने टोमणा मारला होता, की मग पाठीच्या कण्याच्या आजारावर कण्याचा अर्क द्यावा! पण बाई सुधारली. सूज उतरली, बोलणे मोकळे झाले. पुढच्याच वर्षी अर्क टोचायचीही गरज नाही, तोंडाने दिला तरी चालतो हे कळले. एका डॉक्टरने तर मेंढीची थायरॉईड हलकी परतून मुरंब्याबरोबर खायला सांगितली होती. ती बाई आणखी अठ्ठावीस वर्षे जगली, १९१९ साली चौऱ्याहत्तराव्या वर्षी वारली. तेवढ्या काळात तिच्यासाठी आठशे सत्तरहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब मरे यांनी ठेवला होता.

त्या अर्कात असे होते तरी काय? १८९५ च्या अखेरीस जर्मनीत फ्रायबुर्गच्या बाउमान यांना थायरॉईडमध्ये आयोडीन सापडले. शरीरात आयोडीन असेल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांच्या हाती त्या द्रव्याचे स्फटिक आले, ते थायरॉक्सिन. पुढे केंडॉल यांनी जवळपास तीन टन डुकरांच्या ग्रंथींतून ते मिळवले अवघे तेहतीस ग्रॅम. १९२६-२७ मध्ये इंग्लंडच्या हॅरिंग्टन यांनी त्याची रचना शोधली आणि ते प्रयोगशाळेत तयार केले. एका रेणूत आयोडीनचे चार अणू. आई रोज सकाळी घेते ती गोळी याच द्रव्याची.

आता टीएसएचचे कोडे. ग्रंथी थंडावली असताना आकडा वाढतो कसा? आमच्या कचेरीच्या भाषेत सांगतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युइटरी ग्रंथी आहे, तिला पीयूषिका म्हणतात. हे मुख्य कार्यालय. थायरॉईड हे खालचे कार्यालय. रक्तात थायरॉक्सिन कमी दिसले, की मुख्य कार्यालय स्मरणपत्र पाठवते. ते स्मरणपत्र म्हणजे टीएसएच. खालून काम झाले, की स्मरणपत्रे थांबतात. काम झालेच नाही तर स्मरणपत्र दोन, स्मरणपत्र तीन, अर्धशासकीय पत्र, ढीगच ढीग. आईच्या रक्तात सत्तरावर स्मरणपत्रे पडून होती आणि खालच्या कार्यालयाला उत्तर द्यायची ताकदच उरली नव्हती. पीयूषिकेच्याही वर मेंदूतच एक मंत्रालय आहे. तिथून सुटणारा आदेश कोणत्या द्रव्याचा, हे शोधायला गियमँ आणि शॅली या दोन संशोधकांनी एकमेकांशी स्पर्धा करीत लाखो मेंढ्यांचे आणि डुकरांचे मेंदू चाळले. १९६९ साली ते सापडले, आणि १९७७ चे नोबेल रोझलिन यॅलो यांच्याबरोबर त्या दोघांत विभागले गेले. रक्तातले असले अतिसूक्ष्म हार्मोन मोजायची रीत यॅलो यांनी बर्सन यांच्या साथीने शोधली होती. बर्सन तोवर वारले होते, म्हणून त्यांचे नाव त्या पारितोषिकात नाही.

गलगंड का होतो, तेही यातून कळते. थायरॉक्सिन बनवायला आयोडीन लागते. अन्नात आयोडीनच नसेल तर खालच्या कार्यालयाकडे कच्चा माल नाही. वरून स्मरणपत्रांचा मारा सुरू. मग ते बिचारे माणसे वाढवते, जागा वाढवते, इमारतीवर मजले चढवते, म्हणजे ग्रंथी सुजते. पर्वतप्रदेशांत हे अधिक, कारण हिमनद्यांनी आणि पावसाने तिथल्या मातीतले आयोडीन धुऊन समुद्राकडे नेलेले असते. आयोडीन लागते तरी किती? मोठ्या माणसाला दिवसाला दीडशे मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब केला तर चहाचा एक चमचा भरत नाही.

एवढ्याशा गोष्टीने किती फरक पडतो, हे अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी दिसले. १९१७ पासून मरीन आणि किंबॉल यांनी तिथल्या शाळकरी मुलींना वर्षातून दोनदा आयोडीनयुक्त क्षार दिला. तो घेणाऱ्या २१९० मुलींपैकी गळा वाढला पाचजणींचा. न घेणाऱ्या २३०५ पैकी ४९५ जणींचा. स्वित्झर्लंडने १९२२ पासून हेच आयोडीन मिठातून द्यायला सुरुवात केली. मीठच का? राव असो वा रंक, मीठ प्रत्येकजण खातो आणि रोज जवळपास तेवढेच खातो. कोखर १९१७ साली वारले होते. त्यांना १९०९ चे नोबेल मिळाले ते याच ग्रंथीवरच्या कामासाठी. त्यांच्या सुरीने केलेले काम पुढे चिमूटभर मिठाने बरेचसे अनावश्यक करून टाकले.

आपल्याकडे हा प्रयोग झाला हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात. १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख वस्तीचे तीन भाग केले. तिन्ही भागांत शेकडा अडतीसच्या आसपास लोकांना गलगंड. दोन भागांना आयोडीनचे मीठ दिले, मधल्या भागाला साधेच. सहा वर्षांनी आयोडीनच्या दोन भागांत प्रमाण निम्म्यावर आणि त्याहूनही खाली आले. मधल्या भागात होते तसेच राहिले, किंचित वाढलेच. प्रयोग निर्विवाद यशस्वी. त्याच्या बळावर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि मधल्या भागालाही पुढे तेच मीठ मिळाले. तरीही मला राहून राहून तो मधला भाग आठवतो. गळ्याची सूज उतरू शकते, पण पोटातल्या गर्भाला आयोडीन मिळाले नाही तर मेंदूची जी वाढ खुंटते ती नंतर भरून येत नाही. त्या सहा वर्षांत तिथे जी मुले जन्मली, त्यांचे काय? हा प्रश्न मला आज सुचतो, कारण उत्तर आज माहीत आहे. १९५६ मध्ये ते सिद्ध करायचे होते, हेही खरे.

आणि आता परत नेरूलच्या मिठाकडे. मीठ आणि सरकार हे नाते गोव्याला नवे नाही. डिसेंबर १८७८ मध्ये पोर्तुगाल आणि ब्रिटन यांच्यात जो करार झाला, त्यात गोव्यातल्या मीठ उत्पादनाचे नियंत्रण ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या हाती गेले आणि १८९२ साली करार संपेपर्यंत आमच्या मिठागरांवर इंग्रजांचा पहारा बसला. शंभर वर्षांनी दुसरा पहारा आला. आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यावर केंद्राने १९९७ साली देशभर बंदी आणली, २००० साली ती उठवली, मे २००६ पासून पुन्हा लागू केली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरवला, पण लगेच रद्द न करता सहा महिने चालू ठेवला. त्याच वर्षीच्या अन्नसुरक्षा नियमावलीत तीच बंदी पुन्हा आली. त्यामुळे आगरवाडा, हडफडे, नेरूल, रायबंदरकडचे मीठ कायद्याने आता माडाच्या मुळात घालायला, मासळी खारवायला चालते. जेवणाच्या ताटात वाढण्यासाठी विकायला चालत नाही.

आपले लोक यावर चिडतात. माझेही आधी तेच मत होते. समुद्राचे पाणी मानशीतून आत घेऊन बापजाद्यांनी जे मीठ पिकवले, ज्यावर मिठगावड्यांची कित्येक घरे जगली, ते खाण्यालायक नाही म्हणजे काय? समुद्रात आयोडीन असतेच की! असते. पण मिठाचा खडा बनताना ते जवळजवळ सगळे मागच्या पाण्यात राहते किंवा हवेत उडून जाते. समुद्री मिठातले आयोडीन नगण्य असते. आपण मासे खातो, त्यातून काही मिळते हे खरे. पण गोव्यात सगळेच रोज मासे खात नाहीत, आणि किनाऱ्यालगतच्या प्रदेशांतही आयोडीनची उणीव आढळलेली आहे. तेव्हा नियमामागचे शास्त्र खोटे नाही. मिठागरवाल्यांची दुसरी तक्रारही तितकीच खरी आहे. पोटॅशियम आयोडेट नावाचा क्षार पाण्यात विरघळवून मिठावर फवारायचा, एवढेच ते तंत्र. खर्च किरकोळ. हे मिठागराच्या बांधावर शिकवायला, तिथले मीठ तपासून त्यावर शिक्का मारायला कोणी गेले असते, तर खाण्याचे मीठ म्हणून ते टिकले असते. बंदीची अधिसूचना काढायला एक कागद लागतो. फवारणी शिकवायला माणूस लागतो. आमच्या मिठागरांचे वाटोळे एकट्या या नियमाने केलेले नाही. फुटलेले बांध, न मिळणारे मजूर, गुजरातचे स्वस्त मीठ, खाजनांवर चढलेले काँक्रीट, सगळ्यांचा त्यात हात आहे. पण नियमाने त्यात भर घातली.

२००८ साली गोवा सरकारने नवजात बाळांच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासण्या करायची योजना सुरू केली होती. त्या तपासण्यांत जन्मजात थायरॉईडचा दोषही होता. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये दुस्सो यांनी सत्तरच्या दशकात घालून दिलेली ही वाट. जन्मल्यापासून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर ते मूल इतर मुलांसारखेच वाढते. बर्नच्या त्या अकरा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला आले ते त्याच्या वाट्याला येत नाही.

आईच्या आजाराचा आळ मी मिठावर घेतला, असे सुरुवातीला म्हणालो. निदान झाल्यावर मी डॉक्टरांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते, "आयुष्यभर खडेमीठ खाल्ले, त्याचाच हा परिणाम." डॉक्टर हसले. त्यांनी आणखी एक तपासणी करून घेतली आणि म्हणाले, हा वेगळा प्रकार. शरीराची संरक्षक फौजच चुकून आपल्या ग्रंथीवर चालून जाते आणि वर्षानुवर्षे ती पोखरत राहते. जपानच्या हाशिमोतो यांनी १९१२ साली चार स्त्रियांच्या ग्रंथींत हे पाहिले, म्हणून त्यांचेच नाव या आजाराला आहे. ज्या भागात आयोडीन पुरेसे मिळते, तिथे थायरॉईड मंदावण्याचे सर्वांत मोठे कारण आज हेच आहे, आणि बायकांत ते पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक. मिठाचा त्यात दोष नव्हता.

घरी येऊन हे आईला सांगितले. ती काही बोलली नाही. कोनाड्यातले भांडे मी तेवढ्यात माळ्यावर टाकले होते, ते तिने खाली काढायला लावले. आता स्वयंपाकात पाकिटातले मीठ पडते, सुनेने ते पटवून दिले आहे. पण कैरीच्या लोणच्याला आणि तोराला खडेमीठच लागते, आणि ते आणायला एप्रिलमध्ये मला रस्त्याच्या कडेचे ढीग शोधत फिरावे लागते. गेल्या वर्षी तिसऱ्या ठिकाणी मिळाले.